घरातल्या फौजीच्या आठवणींचं पुस्तक करायचं असेल तर: कागदपत्रांपासून छपाईपर्यंत

आमच्या गोव्यात चवथीला सगळं घर जमलं की घरातल्या निवृत्त फौजीला कोणीतरी म्हणतंच, "तुमच्यावर एक पुस्तक व्हायला पाहिजे हां!" मग नेवऱ्या खाऊन झाल्या की जो तो आपापल्या घरी, पुस्तक राहतं तिथंच. मी माझ्या काकांचं पुस्तक केलं. काका पेडण्याचे, मराठा लाईट इन्फंट्रीत होते, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाऊन आले. करताना कोणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं, कारण प्रकाशकाला फौजेतलं माहीत नसतं, फौजेतल्या लोकांना छपाईतलं माहीत नसतं आणि आपण मध्ये लटकतो. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते, तुम्हाला उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगते. लढाईवर लिहिलेलं भरपूर मिळतं. पण माणूस घरी परत आला त्यानंतर काय झालं हे फार कमी लोक विचारतात आणि फौजी स्वतःहून तर कधीच सांगत नाही. तुमच्या पुस्तकात खरंच काही वेगळं असणार असेल तर ते इथंच असणार, त्यामुळे पायरी ४ घाईत वाचू नका.

१. पुस्तक कोणाचं हे आधी कागदावर ठरवा

बोलणार ते, लिहिणार तुम्ही, मग लेखक कोण? आम्ही कव्हरवर काकांचं नाव घातलं आणि आत "शब्दांकन" म्हणून माझं. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची, त्यात कॉपीराइट कोणाचा, पैसे आले तर कोणाचे, आणि छापायच्या आधी शेवटचा मजकूर ते वाचून हो म्हणतील मगच जाईल, एवढं आलं की झालं. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतो, म्हणजे उद्या चुलतभावंडांत वाद नको असेल तर आजच लिहा. घरातल्यांना हे चमत्कारिक वाटतं, "घरच्याघरी कसला करार", वाटू दे.

काकीला पण विचारा. तिचं आयुष्य पण त्यात येणार आहे.

२. कागदपत्रं आणि फोटो, जूनच्या आत

जूनच्या आत का, तर आपल्याकडचा पाऊस. कपाटातल्या ट्रंकेत ठेवलेले फोटो एका पावसात बुरशी धरतात, अल्बमच्या प्लास्टिकला चिकटतात. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर प्लास्टिकबरोबर निघून येतो. आहे तसाच, प्लास्टिकवरून तिरक्या उजेडात मोबाईलने फोटो काढा, आणि ज्याचं काही होण्यासारखं आहे तो चांगल्या फोटो स्टुडिओत दाखवा. सुटे फोटो मात्र स्कॅनच करून घ्या, छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पुस्तकात धूसर येतो.

हे गोळा करायचं:

- डिस्चार्ज बुक (सगळ्यात महत्त्वाचं, भरतीची तारीख, पोस्टिंग, मेडल सगळं त्यात असतं)
- पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं)
- मेडलं (कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, रिबनवरून कुठल्या मोहिमेचं ते कळतं)
- घरी आलेली पत्रं, आंतरदेशीय, पाकिटासकट
- फोटो, पण प्रत्येकाच्या मागे कोण कोण आहेत ते आत्ताच पेन्सिलने लिहून घ्या
- काही तारा आल्या असतील तर त्या

पत्रांबद्दल एक सांगायचं म्हणजे पाकिटावर "द्वारा ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असतं, एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्यावरून पलटण कुठं होती ते कळत नाही, मुद्दामच तशी सोय आहे. पण पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कामाची, म्हणून पाकिटं फेकू नका.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, म्हणजे आपल्याला जवळच. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, नेव्हीच्या सेलर्सचं मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स. अर्जात सर्व्हिस नंबर पाहिजेच, नुसत्या नावावर काही सापडत नाही, एका नावाचे किती तरी जण असतात. अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ दे. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर पणजीतल्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं बसलेल्या लोकांना हे फॉर्म पाठ असतात.

३. रेकॉर्डिंग

साधा मोबाईल चालतो. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बरोब्बर मुद्द्याच्या जागी लोनवाल्याचा फोन येतो. पंखा बंद करा, पत्र्याच्या शेडखाली पावसात बसू नका, त्याचा आवाज इतका येतो की नंतर एक शब्द लागत नाही. पाऊण तास झाला की थांबायचं. फाईलला त्याच दिवशी तारीख आणि विषय घालून नाव द्या आणि दोन जागी ठेवा.

ट्रॅप काय आहे, आपण पहिलाच प्रश्न विचारतो, "लढाईत काय झालं?" यावर फौजी तीन वाक्यात उत्तर देतो आणि गप्प बसतो. काकांनी मला पहिल्यांदा सांगितलं होतं, "गेलो, राहिलो, आलो. आणखी काय गो बाय?" त्याऐवजी लहान लहान विचारा. लंगरमध्ये (फौजेच्या स्वयंपाकघरात) सकाळी काय असायचं. पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, काय काय भरायचे. बूट किती दिवस पायातून काढले नव्हते. शेजारी कोण झोपायचा, तो घोरायचा का. लंगरच्या चहावर काका एवढं बोलले की मला थांबवावं लागलं, आणि त्या चहातूनच हळूच तो मुलगा आला जो चहाचा मग तिथंच ठेवून गेला आणि परत आला नाही. सरळ विचारलं असतं तर कधी सांगितलं नसतं.

जिथं ते थांबतील तिथं तुम्ही पण थांबा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत विचारू नका, त्यांना सांगायचं असेल तर तेच आणतील. आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून झोप उडाली, रात्री दचकून उठतात, पिणं वाढलं असं दिसलं तर काम बंद. खरंच बंद. ईसीएचएसमध्ये डॉक्टरला सांगा, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र फुकट आहे. पुस्तक वर्षभर उशिरा आलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

४. परत येण्याचा भाग

इथं वेळ घाला. लोकांना वाटतं घरी परतणं म्हणजे स्टँडवर उतरला, आईने ओवाळलं, संपलं. तसं नसतं, ते कित्येक वर्षं चालू असतं.

जवानाला पेन्शन मिळायला निदान १५ वर्षं नोकरी लागते, म्हणजे विशीच्या आत भरती झालेला मुलगा पस्तिशी चाळीशीत घरी येतो. मुलं शाळेत, घराची कौलं बदलायची, आणि पुढं वीस पंचवीस वर्षं काम करायचं आहे. काका डिचोलीला एका खाणीवर सिक्युरिटीत लागले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते पण घरी. काकांच्या भाषेत हे दुसरं डिस्चार्ज, आणि याला बँड नव्हता. हे त्यांनी हसत हसत सांगितलं पण पुस्तकात आम्ही त्यावर वेगळं प्रकरण केलं आणि आता वाचलेले लोक येऊन त्याच्यावरच बोलतात, श्रीलंकेवर नाही.

विचारायचे प्रश्न मी असे काढले होते, तुम्ही तुमचे वाढवा. कायमचे घरी आलात त्या महिन्यात सकाळी किती वाजता उठायचात आणि उठून करायचं काय? मुलं तुमच्याशी बोलायची की आईमार्फत? पहिली पेन्शन कशावर खर्च झाली? गावात पहिलं कोण भेटायला आलं आणि कशासाठी? (यावर काकांचं उत्तर, "रम आणली का विचारायला." फौजेच्या कॅन्टीनचं कार्ड असलेल्या माणसाला गावात मित्र फार, हे सगळ्या फौजींना माहीत आहे.) कुठल्या आवाजाने अजून दचकता?

या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात पहिल्यांदाच एक गोष्ट बाहेर आली. आपल्याकडे जत्रेला, फेस्ताला गर्नालं फोडतात. काका वर्षानुवर्षं जत्रेच्या रात्री गावात थांबायचेच नाहीत, काहीतरी काम काढून म्हापशाला जायचे. आम्ही पोरं समजायचो काकांना देवाधर्माचं काही नाही. काकीला माहीत होतं, तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून काकीचं रेकॉर्डिंग वेगळं करा, आणि काका घरात नसताना करा. तार आली असेल या भीतीने पोस्टमन दारात दिसला तरी तिचे पाय कसे गळायचे, एकटीने कुळागर (माडा-पोफळीची बाग) कसं सांभाळलं, नवरा सुट्टीवर आला की दोन दिवस घरात परका माणूस आल्यासारखं कसं वाटायचं, हे ती त्यांच्यासमोर बोलत नाही. आमच्या पुस्तकात तिची पानं तिच्याच तोंडची आहेत, तिच्या नावाने. माझ्या मते ती पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं.

भाऊबंदकी, जमिनीची भांडणं, दारू, हे पण येईल. काय ठेवायचं ते बोलणाऱ्याने ठरवायचं. पण सगळंच काढून टाकलं तर उरतो तो सत्कार समारंभातला परिचय, तो वाचायला पुस्तक कोण विकत घेणार?

५. तारखा जुळवून बघा

आठवण खरी असते पण वर्षं सरमिसळ होतात. याच्यावर माझा उपाय म्हणजे गोव्यातल्या ठोक घटनांना धरून चालायचं. काका म्हणायचे श्रीलंकेतून पहिल्या सुट्टीला कोकण रेल्वेने आलो. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, शांतिसेना गेली जुलै १९८७ च्या शेवटी आणि शेवटची तुकडी परतली मार्च १९९० मध्ये, म्हणजे शक्यच नाही. मग विचारलं, "पणजीहून पलीकडे बेतीला कसे गेलात?" लगेच म्हणाले, "फेरीतून, पूल पडलेला ना." मांडवीचा पूल पडला ५ जुलै १९८६ ला. तिथून धागा लागला, मग मिरज, लोंढा, मीटरगेजची गाडी सगळं बाहेर आलं, आणि ती सुट्टीतली किती दिवस गाडीतच गेले ते पण.

असे खुंटे तुम्हाला पुरतील: १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, ३० मे १९८७ ला घटकराज्य. फौजेच्या बाजूने १९६५, डिसेंबर १९७१, सियाचेनचं ऑपरेशन मेघदूत १३ एप्रिल १९८४ पासून, कारगिल मे ते जुलै १९९९. डिस्चार्ज बुकातल्या तारखा शेवटचा शब्द.

शौर्यपदकांची माहिती सरकारच्या गॅलंट्री अवॉर्ड्स वेबसाईटवर तपासता येते, आणि शहीद झालेल्या मित्रांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत, तिथल्या नावाशी तुमचं नाव जुळवून घ्या. मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापणं याच्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

मोठ्या युद्धांचे अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग करतो. २०२१ मध्ये धोरण आलं की लष्करी रेकॉर्ड साधारण २५ वर्षांनी खुलं करायचं. पण त्यात तुमच्या काकांची तीस जणांची प्लाटून किती सापडेल याची आशा फार धरू नका, म्हणून तर हे पुस्तक.

६. काय छापायचं नाही

हे कंटाळवाणं आहे पण वाचा.

ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट १९२३ चा, तो निवृत्त झाल्यावर पण लागू असतो. अजून वापरात असलेल्या चौक्यांच्या नेमक्या जागा, शस्त्रं आणि वायरलेसचे तपशील, सांकेतिक शब्द, खबऱ्यांची नावं, सीमेपलीकडे केलेलं काही, हे सगळं बाहेर ठेवा. शंका आली तर ती पानं पलटणीच्या किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या पत्त्यावर लेखी पाठवून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अजून नोकरीत असलेल्या माणसाचं पुस्तक असेल तर परवानगीशिवाय काहीच नाही.

नकाशा. याच्यात खूप जण अडकतात. इंटरनेटवरून काश्मीरचा नकाशा उचलतात आणि त्यात तुटक रेषा असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्यांच्याच वेबसाईटवरून बाह्यरेषेचा नकाशा घ्या नाहीतर नकाशा टाकूच नका.

कव्हरवर अशोकस्तंभाचे सिंह नकोत, त्याच्या वापरावर कायद्याने बंधन आहे. डिझायनरला फौज म्हटलं की सिंह, तिरंगा आणि सूर्यास्तातली बंदूक एवढंच सुचतं. आम्ही काकांची ट्रंक टाकली.

रँकनंतर नाव आणि मग "निवृत्त". "निवृत्त हवालदार अमुक" नाही, "हवालदार अमुक (निवृत्त)". काकांनी हे मला दोनदा बजावलं.

आणि शेवटचं, जे कायद्यात नाही. एखादा जवान कसा गेला याचं वर्णन छापायच्या आधी त्याच्या घरच्यांना विचारा. त्यांना "जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही" असं सांगितलेलं असू शकतं. आमच्या पुस्तकातलं एक पान याच कारणाने काढलं.

७. लिहून काढणं

गुगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, पण आपले फौजी कोकणीत सुरू करतात, मध्ये पलटणीची हिंदी, आणि शेवट मराठीत, तिथं ते मशीन हात टेकतं. ऐकून स्वतःच टाईप करावं लागतं. मजकूर मराठीत ठेवला तरी संवाद जसे झाले तसे राहू द्या. "साब", "फॉल-इन", "लंगर", "पार्ट टू ऑर्डर" यांचं शुद्ध मराठी करत बसू नका. संपादकाने सुभेदार साहेबांना "अधिकारी" केलं तर परत सुभेदार करा.

लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चष्मा लावून ते स्वतः वाचणार नाहीत.

८. डीटीपी आणि छपाई

- डीटीपीवाला (पानं जुळवणारा) बहुतेक श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतो. त्याला आधीच सांगा की शेवटची फाईल युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाईलवर, कॉम्प्युटरवर वाचता येतं ते) पण पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला किंवा ईबुकला तुमच्या हातात नुसती अगम्य अक्षरं येतात.
- पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदाची घडी) छापतात, म्हणून पानं १६ च्या पटीत बसवा. १६३ पानं झाली तर तीन पानं कापा.
- फोटो आर्ट पेपरवर एकत्र मध्ये घेतले तर स्वस्त पडतं.
- प्रूफ तीनदा, त्यातलं एक फौजेतल्या माणसाकडून.
- दरपत्रक किमान तीन ठिकाणचं. पुस्तकांवर जीएसटी नाही, छपाईच्या बिलात मात्र काय काय लागतं ते आधी विचारून घ्या.

"आम्ही प्रकाशक, तुम्ही पैसे भरा आणि हजार प्रती घ्या" असं सांगणारे भेटतील. पैसे भरून छापण्यात वाईट काही नाही, पण मग तो प्रकाशक नाही, छापखाना आहे, त्या दराने बोला. पहिल्यांदा दोनशे तीनशे प्रती पुरे. बाकीच्या खाटेखाली राहतात आणि पावसात त्यांना पण बुरशी.

९. आयएसबीएन, ग्रंथालयं, प्रकाशन

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख नंबर, फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी म्हणून शिक्षण मंत्रालयाखाली आहे, ऑनलाइन अर्ज, लेखक स्वतः प्रकाशक म्हणून पण करू शकतो. याचे हजारो रुपये मागणारे एजंट आहेत, त्यांना देऊ नका. अर्ज कव्हर छापायच्या बराच आधी करा कारण नंबर बारकोडसकट मागच्या कव्हरवर जायचा असतो.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईचं सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं स्वखर्चाने पाठवायची असते. बरेच जण पाठवत नाहीत. तुम्ही पाठवा, पोस्टाची पावती जपा. आपल्या पाट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तर द्याच, १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, गोव्यावरच्या पुस्तकांना तिथं वेगळी जागा असते आणि पुढं कोणी अभ्यास करायला आलं तर तिथंच शोधणार. एक प्रत रेजिमेंटल सेंटरला, एक तालुक्याच्या ग्रंथालयाला, एक काकांच्या जुन्या शाळेला.

प्रकाशनाला १९ डिसेंबर धरू नका, त्या दिवशी पणजीपासून पंचायतीपर्यंत सगळीकडे कार्यक्रम असतात आणि पाहुणे मिळत नाहीत. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो पण बहुतेक त्याच दिवशी संक्रांत, बायका हळदीकुंकवाच्या तयारीत, म्हणून आम्ही त्याच्या पुढचा रविवार घेतला, देवळाच्या सभामंडपात. मंत्र्याला बोलावलं तर दोन तास उशीर धरून चाला. पलटणीतले जे चार मित्र अजून प्रवास करू शकतात त्यांना बोलवा, गाडीभाड्याची सोय तुम्ही करा, आणि त्यांना मंचावर बसवा. भाषणं कमी ठेवा कारण त्यांना एकमेकांशी बोलायचं असतं. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, अर्थात त्यांना विचारून, कारण दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर तिथंच मिळतो.